मतदारसंघातले आधी

वॉशिंग्टनमधल्या खासदारबाईंच्या कचेरीत नर्स जोलीन ताटकळत बसली होती. इतक्यात माजी खासदार टॉलिव्हर आत आले. तिनं त्यांना लगेच ओळखलं. हल्ली ते एका औषध कंपनीचं म्हणणं खासदारांच्या गळी उतरवायची नोकरी करत. टेबलापाशी त्यांचीच जुनी सेक्रेटरी व्हर्ना होती.

"व्हर्ना, बाईंची दहा मिनिटं मिळतील का गं?"

"रांगेत बसा, साहेब."

"अगं, एकोणीस वर्षं ही कचेरी माझी होती."

"म्हणून तर तुमचाच नियम पाळतेय. मतदारसंघातली माणसं आधी, कंपन्या नंतर."

"आज कोण आलंय?"

"या बाई. आपल्या मतदारसंघातल्या कॉर्बिन क्रीकहून, रात्रभर बसनं."

"एवढ्या लांबून? कशासाठी हो?"

"इन्सुलिनची किंमत कमी करा, हे सांगायला," जोलीन म्हणाली. "माझे पेशंट अर्धाच डोस घेतात."

"मी नेमकं उलटं सांगायला आलोय."

"ठाऊक आहे. मी दरवेळी तुम्हालाच मत दिलं."

टॉलिव्हर टेबलाकडे वळले.

"व्हर्ना, माझी दहा मिनिटंही यांनाच दे."

"आणि कंपनीला काय सांगाल?"

"रांग फार मोठी होती म्हणून."

जोलीन आत जायला उठली, तेव्हा व्हर्ना साहेबांसाठी न विचारताच कॉफी ओतत होती.