अर्धी आकृती ओसरीवर

सन्माननीय अध्यक्ष श्रीमंतराव, व्यासपीठावरचे पाहुणे, आमचे जलील सर, आणि समोर बसलेल्या मुलांनो, आयाबायांनो,

आधी हिशोब. शाल दीडशेची, हार चाळीसचे, पेढे नव्वदचे. वर्गणी पुरली, देवाची कृपा. सरांनी आमच्या अंगणात संपवलेली रांगोळी यात धरलेली नाही; तेवढी त्यांना निरोपाची भेट समजावी.

भूकंपानंतर लातुरात छताखाली बसायला कोण तयार होतं? सरांचा क्लास आमच्या अंगणात आला. फळा नव्हता, म्हणून सर सड्यावर माझ्याच रांगोळीनं सर्किट काढत. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतची रेघ म्हणजे एक रेझिस्टर, करंटला अडवणारा; किती अडवतो तो आकडा रेघेवर. माझं शिक्षण मॅट्रिकचं. मला मधले दोन ठिपके मोकळे दिसले. दारातली रांगोळी अर्धवट कशी ठेवायची? जोडून टाकले.

मुलं बराच वेळ डोकं खाजवत बसली. उत्तर मात्र माझी रेघ नसताना आलं असतं तेच आलं. सर म्हणाले, "ताई, दोन्ही अंगं सारखी हायेत. तुमच्या रेघेतून करंट जाऊनच नाही राहिला." एवढं तर मला सासूबाईंनीही कधी ऐकवलं नव्हतं.

माझी उज्वला हुशार, पण भूकंपापासून घरात पाऊल टाकीना. जेवण, अभ्यास, झोप, सगळं बाहेर. इंजिनिअरिंगची परीक्षा काय अंगणात होणार होती? एक दिवस सरांनी अर्धी आकृती अंगणात काढली, अर्धी ओसरीवर, छताखाली. मधली रेघ मी सवयीनं जोडलीच. उज्वलानं अंगणातली बाजू बघून खालूनच उत्तर सांगितलं.

"चुकलं," सर म्हणाले.

"दोन्हीकडं सारखंच असतंय की, सर."

"कशावरून? वर जाऊन बघितलीस का?"

ओसरीवरच्या एका रेघेवर सरांनी गुपचूप दुप्पट आकडा टाकला होता. पोरगी चिडून वर चढली आणि तिथंच मांडी घालून गणित सोडवत बसली. मी चहा नेला तेव्हा कुठं तिची नजर वर छताकडं गेली. मी मनात देवाचं नाव घेत उभी. तिनं कप बाजूला ठेवला आणि पुन्हा खाली वाकून लिहू लागली.

सर हळूच म्हणाले, "ताई, आज तुमच्या रेघेतून करंट जाऊन राहिला."

सर, तुम्ही आता नांदेडला निघालात. उज्वलाचं परीक्षा केंद्रही नांदेडच आलंय, वरच्या मजल्यावर. ती जाईन म्हणती. झोपती मात्र अजून अंगणातच.

आपण सगळ्यांनी बाईमाणसाचं बोलणं ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. जास्तीचं काही बोलले असेन तर पोटात घाला. आणि सर, परीक्षेदिवशी जिन्यापाशी येऊन उभे राहाल का, तेवढं उलट टपाली कळवा. पत्ता लिहिलेलं कार्ड शालीच्या घडीत ठेवलंय, वाया घालवू नका.