गुपित सुरक्षित आहे

विगच्या दुकानात नुसती चौकशी करून, आपला मेलचा पत्ता देऊन बँकेतले एक कॅशियर टोपीसकट बाकावर बसले होते. आतून मालकांचा आणि रिसेप्शनवरच्या बाईंचा आवाज येत होता.

"बाई, ‘तुमचं गुपित आमच्याकडे सुरक्षित आहे’ हा मेल सगळ्या गिऱ्हाइकांना एकदमच पाठवलात?"

"एकेकाला कुठे पाठवत बसू, साहेब?"

"अहो, सगळ्यांना सगळ्यांची नावं दिसली!"

"नावंच ना? टक्कल थोडंच दिसलं?"

"एकाने लिहिलं, माझं नाव काढा. तेही सगळ्यांना!"

"हो, आणि बाकीच्यांनी त्यांनाच विचारलं, तुमचा विग वाऱ्यात टिकतो का? छान गट्टी जमलीय. सहलीला चाललेत."

"सहल गेली खड्ड्यात! आधी माफीचा मेल पाठवा."

"आत्ताच पाठवला. नुसती चौकशी केलेल्यांनाही घातलं त्यात. उगाच कुणाला परकं वाटायला नको."

कॅशियरांच्या खिशात मोबाइल वाजला. माफी आली होती. त्यांनी टोपी कानांपर्यंत ओढली, तेवढ्यात माफीखाली एक उत्तरही आलं, सगळ्यांना गेलेलं. ज्यांच्या दाट केसांचं घरात रोज कौतुक चालायचं, त्या सासऱ्यांचं.

"जावईबापू, तुम्हीसुद्धा? असो. हे आपल्या दोघांतच राहू द्या."