‘खांदमळण’ हे नाव माधवनं ठेवलं

जमलेल्या मायबहिणींनो, दादांनो. मी गुंडाप्पा. निलंग्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्याच्या आधी माधवच्या बँडात बेस गिटार वाजवायचो. आपला माधव परवा शेतात छाती धरून खाली बसला, तो उठलाच न्हाई.

सरपंच म्हणले, गुंडाप्पा, चार चांगले शब्द बोल. चांगलेच बोलणार होतो. पण मांडवाच्या तोंडाशी तो फ्लेक्स बघितला. माधवचा फोटो, अन् खाली काय लिहिलंय? ‘खांदमळण बँडचा जुना मदतनीस.’

मदतनीस? कुणाचा मदतनीस, हो?

फ्लेक्स पुण्याहून आलाय. विक्रमनं पाठवलाय. विक्रम आपल्याच देवणीचा, बँडचा गाणारा. आज देशभर नाव हाय त्याचं. हा काय, पहिल्या रांगेत बसलाय. आलास ते बरं केलंस बाबा. आता ऐकून घे.

हा टीव्हीवर सांगायलाय की बँडचं नाव ह्याला हिमालयात, बर्फाकडं बघता बघता सुचलं. बर्फात? अरे, खांदमळण बैलाची असते. बर्फात कुणाचा बैल बांधला होता?

नाव कुठं ठरलं ते मी सांगतो. माधवच्या गोठ्यात ठरलं. तेव्हा आम्ही लग्नात हिंदी गाणी वाजवणारी तीन पोरं. डोक्यात रॉक शिरलेलं, पण तालमीला जागा कोण देणार? माधव म्हणला, गोठ्यात या. त्याचा ड्रम म्हणजे उदगीरच्या बँडवाल्याचा एक जुना ढोल, दोन ताशे अन् पिंपाचं झाकण. पोळ्याच्या आदल्या दिवशीची सांज. आमचा नुसता दणका चाललेला. माधवचा बाप आला, हातात तूप-हळदीची वाटी.

म्हणला, “बंद करा रे ते. खांदमळण हाय. आज तरी जनावराला निवांत राहू द्या.”

माधवनं काड्या ठेवल्या, वाटी घेतली. जिथं जू बसतं, जिथं कातडं घट्टे पडून कडक होतं, तिथं चोळत बसला. बैलाच्या कानात म्हणला, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” मग आमच्याकडं वळला.

“गुंड्या, वर्सभर ओढतंय हे. अन् एक दिस कुणीतरी त्याच्या खांद्याला हात लावतंय. आपलं गाणं असं पाहिजे. बँडचं नाव खांदमळण.”

तेव्हा हा विक्रम काय म्हणला? “लोक हसतेत की रे. इंग्रजी ठेवू.”

“हसू दे की,” माधव म्हणला. “हसाया तरी जमतेत.”

दुसऱ्या दिवशी पोळ्याला वेशीजवळ, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आमचा पहिला कार्यक्रम. गाणं माधवनं लिहिलेलं, चाल माधवचीच. बैलं बुजली. एक तर तोरण घेऊनच पळाला. म्हाताऱ्यांनी लई शिव्या घातल्या. अन् त्याच म्हाताऱ्यांनी दिवेलागणीला म्हणलं, ते मघाचं पुन्हा वाजवा. हाय का इथं तेव्हाचं कुणी? हात वर करा. विक्रम, मागं वळून बघ. बघ की!

मग लातूर, नांदेडच्या कॉलेजांतून बोलावणी आली. मी नोकरीला लागलो, बँड सुटला. ते दोघं चालवत होते. एक दिवस पुण्याहून मोठा कार्यक्रम आला, तो नेमका खांदमळणीला. माधवचा बाप त्याच साली गेलेला. माधवनं माझ्यासमोर ह्या विक्रमला फोन केला. म्हणला, बैलाला आवतण आता मलाच द्यावं लागतं, एक दिस पुढं घे. हा म्हणला, हाव, बघतो.

काय बघितलं? दुसरा ड्रमवाला बघितला!

खांदमळण नावाच्या बँडनं माणूस काढला, का तर तो खांदमळणीला घरी राह्यला. कुणाला हसू येत असेल तर हसा. मला येत न्हाई.

मी माधवला म्हणायचो, भांड. तो म्हणायचा, “जाऊ दे गुंड्या, गाणं तर वाजायलंय ना?” त्यानं जाऊ दिलं. मी न्हाई जाऊ देणार.

कारण ही सरूकाकू बसलीय. माधवची आई. ते बर्फाचं टीव्हीवर ऐकून काकूनं मला विचारलं, “गुंडाप्पा, मग आपला माधव खोटं सांगायचा का रे?” जल्म दिलेल्या आईला आपलं लेकरू खोटारडं वाटावं? माझं रगत तापतंय ते ह्याच्यापायी. तुझी प्रसिद्धी तुला लखलाभ, विक्रम. पण हे कसं फेडणार?

आता सगळे उभे राहा. फोन बंद करा. दोन मिनिटं आपण माधवसाठी शांत राहू. त्याच्यानंतर ह्या माईकवर विक्रम येणार हाय. विक्रम, ही दोन मिनिटं तुलाबी दिली. काय बोलायचं ते ठरव. आमच्याकडं बघू नको, काकूकडं बघून ठरव.