कबड्डीवाल्याची रग्बी

गिरिधर : नको वं तारे, ती पपई तिथंच ठेव. आत्यानं पाहिलं तर दोघांलेही बदडीन.

तारा : आत्या शेजारी गेली आहे, स्वेटरची वीण विचाराले. म्हणजे तासभर निश्चिंत! अन् पपई काहून तोडली ते तर विचार. तुमच्या रग्बीच्या चेंडूसारखी आहे का नाही? लांबट, दोन्हीकडून निमुळती. घे, काखेत धर. तुळशीजवळची फरशी म्हणजे शेवटची रेष. पळत ये, रेष ओलांड अन् पपई जमिनीले टेकव. झाला ट्राय!

गिरिधर : मी उद्या खेळून नाही राहिलो.

तारा : फायनल आहे गा उद्या!

गिरिधर : मालूम आहे. म्हणूनच.

तारा : एका चुकीपायी?

गिरिधर : तुले ती एक चूक वाटते. सारी शाळा हसली. समोरच्या शाळेचे पोट्टे हसले. कामठीच्या छावणीतून आम्हाले शिकवाले येतात ते मेजरसाहेब, त्यायनं तर तोंडच फिरवलं. हसू लपवाले.

तारा : मी बी हसली.

गिरिधर : पाहिलं ना मी. कुंपणावर बसून, पोट धरधरून.

तारा : मग काय करू? चेंडू घेऊन सुटला, अन् काय सुटला माय! चार जण वाकवले. रेष ओलांडली. समोर चिटपाखरू नाही. आता फक्त चेंडू जमिनीले लावाचा. अन् आमचा भाऊ काय करते? गरकन वळते, अन् पुन्हा त्याच चार जणांमधून, एकेकाले हात लावत लावत, थेट आपल्या अंगणात परत!

गिरिधर : लहानपणापासून कबड्डी खेळलो ना वं. गडी मारले का परत याचं, हे पायाले पाठ आहे. पायानं मले विचारलंच नाही.

तारा : ओठ बी हलत होते तुझे. दम धरून "कबड्डी कबड्डी" चालू होतं.

गिरिधर : कोणाले सांगू नको ते.

तारा : मी काय सांगू? साऱ्यायले दिसलं! पण मॅच तर जिंकली ना तुम्ही? ओमप्रकाशनं मागून दोन ट्राय केले. तुमचा कप्तान आहे तो, तो काही बोलला काय?

गिरिधर : काहीच नाही. पाठीवर थाप मारली. तेच तर जास्त लागलं.

तारा : घ्या! बोलला असता तरी लागलं असतं, नाही बोलला तरी लागलं. तू ना, लाजाळूचं झाड आहे. हात लावला का मिटला.

गिरिधर : तुले काय जाते बोलाले? दोन वर्षं झाली या शाळेत. पहिल्या वर्षी माझ्या बोलण्याले हसले. मंग जेवणाच्या डब्याले. आता वर्गात पाय ठेवला का बाकं वाजवतात. कबड्डी, कबड्डी.

तारा : बाक वाजवणं म्हणजे टाळ्याच समज.

गिरिधर : तू समज. तारे, मी बाबाले बोलावलं आहे.

तारा : कायले?

गिरिधर : आपल्या गावचा मारोतराव संत्र्याचा ट्रक घेऊन आला होता काल. त्याच्याजवळ निरोप धाडला, का रविवारी, म्हणजे उद्या, या, काम आहे. आले का सांगतो, मले घरी न्या. मॅट्रिक मी तालुक्याच्या शाळेतूनबी करू शकतो. सायकलनं जाईन येईन.

तारा : तुळस वाळून राहिली. पाणी घालते.

गिरिधर : तुळस राहू दे. मी काय म्हणलो, त्यावर बोल ना. एरवी तर तुझं तोंड बंद होत नाही.

तारा : काही नाही. छान आहे. सायकल चांगली असते तब्येतीले.

गिरिधर : तू राह्य इथी. आत्या आहे, तुझी शाळा आहे.

तारा : हो. आहे ना. शाळा आहे.

गिरिधर : तारे, इकडे पाह्य. काय झालं?

तारा : बाबा मले इथी ठेवतेवेळी काय म्हणले होते, आठवते? "गिरी आहे तिथी, म्हणून तारा." तू नसला का मी कोणाच्या भरवशावर? गावात पोरींची शाळा सातवीपर्यंत. तालुक्याले तू सायकलनं जाशीन. मले कोण जाऊ देईन?

गिरिधर : हे तू पहिले काहून नाही बोलली?

तारा : तुझाच चेहरा एवढा पडला होता, त्यात मी माझं काय घुसवू? आताच तर मजा याले लागली होती गा! वादविवादात सव्वीस शाळांमधून मी पहिली आली. आत्याच्या सायकलवर हात सोडून लोकमान्यांच्या पुतळ्यापर्यंत जातो आम्ही मैत्रिणी. आरशात पाहिलं तर आता मलेच मी आवडते.

गिरिधर : ते तर मोहल्ल्याले मालूम आहे.

तारा : हसू नको. अन् माझ्यासाठी म्हणून नको खेळू, सांगून ठेवते. उपकार नाही पाहिजे मले. जाचं असन तर जा. मी रडीन दोन दिवस, मंग वावरात तण निंदाले जाईन अन् तिथंच भाषण देईन बायांले.

गिरिधर : फरशी म्हणजे रेष ना?

तारा : हाव.

गिरिधर : दे इकडे ती पपई.

तारा : जोरात टेकवजो! अन् परत नको... अरे देवा! पार चिखल झाला तिचा. भाऊ, आत्या आली!

(दुसऱ्या दिवशी दुपारी. कामठीच्या छावणीतलं मैदान. मॅच नुकतीच संपली आहे. दोरीपाशी तारा आणि तिचे वडील चंपतराव.)

चंपतराव : पोट्टं धड आहे ना वं?

तारा : धडधाकट आहे, बाबा! तुम्ही कधी आले?

चंपतराव : घरी गेलो तर तुही आत्या म्हणे, ते तिकडे कामठीले गेले. बस धरून आलो. पाहातो तं काय, गिरीच्या अंगावर सात-आठ पोट्टे! मी दोरीखालून आत घुसतच होतो, एका फौजीनं कमरेले धरलं. म्हणे, बाबाजी, ये खेल है.

तारा : खेळच आहे तो! तुमच्या येण्याआधी काय झालं, सांगते ना. त्याले चेंडू भेटला, अन् मोकळा रस्ता. रेष ओलांडली अन् एकदम थबकला. मले वाटलं, वळला आता! मी अशी किंचाळली, "टेकव, भाऊ, टेकव!" का बाजूच्या बाईच्या कडेवरचं लेकरू रडाले लागलं. अन् त्यानं चेंडूवर अंगच टाकून दिलं. शिट्टी वाजली, मागून अंगावर पडलेले पोट्टे उठले, हा चेंडूवर पडूनच. पंचानं हलवून उठवलं.

चंपतराव : मंग जिंकले म्हणा.

तारा : हरले. थोडक्यात.

चंपतराव : हरले? अन् दोन्हीकडचे पोट्टे एकाच किटलीतला चहा पिऊन राहिले?

तारा : तसंच असते यायच्यात. आधी पाडतात, मंग पाजतात.

चंपतराव : तो उंच पोट्टा येऊन माह्या पाया पडला आता. विचारे, काकाजी, गिरिधरले असं वाकून सटकाले कोणी शिकवलं? मी म्हणलं, आमच्या गावात दुसरं काही शिकवतच नाही.

तारा : ओमप्रकाश तो, कप्तान! बाबा, भाऊ येऊन राहिला.

चंपतराव : ये बापू. दात सारे आहेत ना?

गिरिधर : आहेत, बाबा.

चंपतराव : गुडघा केवढा सोलला हा! बरं, मारोतरावनं सांगितलं तुहं. काम आहे म्हणे. तुही माय काल जेवली नाही, का पोट्ट्याले काय झालं असन. सांग, काय आहे?

तारा : बाबा, तुम्ही आधी चहा...

गिरिधर : तू थांब वं. काही नाही, बाबा.

चंपतराव : काही नाही कसं? संत्र्याची तोडणी सोडून आलो मी.

गिरिधर : मॅच होती आज. तुम्ही पाहावी, असं वाटलं.

चंपतराव : एवढंच?

गिरिधर : एवढंच.

चंपतराव : मंग तसं सांगाचं ना, बापू. धुतलेलं धोतर नेसून आलो असतो.