हंसावहिनीचं वायफाय

आमच्या शेजारच्या जनार्दनचं वायफाय म्हणजे आळीची पाणपोई होती राव. त्याची बायको हंसावहिनी मागेल त्याला पासवर्ड सांगायची. त्यांची सून घरून ऑफिसचं काम करते. मीटिंगमध्ये साहेब बोलता बोलता थिजायचा, तिची नोकरी जायची वेळ आली. तिनं पासवर्ड बदलला.

माझं मोबाईलवरचं भजन मध्येच अडकलं, म्हणून मी गेलो. "वहिनी, नवा पासवर्ड काय हाय?"

वहिनी लाजली. "भावजी, तो मी तोंडानं कसा घेऊ?"

मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं कळतं. 'जनार्दन' टाकलं, वायफाय लागलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीचं लागलं.

सून तापली. वहिनी म्हणाली, "देवाशप्पथ, मी नाव घेतलं न्हाय."

सुनेनं पुन्हा बदलला. मी पुन्हा विचारलं. वहिनीनं नाक मुरडलं. "त्या बाईचं नाव माझ्या तोंडून निघायचं न्हाय."

म्हणजे सुनेच्या आईचं. लग्नात मीच विहीणबाईंना जिलबी वाढली होती, नाव पाठ आहे. पण या वेळी आळीला सांगितलं नाही. सुनेची नोकरी गेली, तर माझ्या भजनाचं बिल कोण भरणार?