मागच्या दाराची कडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या केंद्रप्रमुख बाई, माझे सहकारी, आणि समोर बसलेले सगळे आईबाबा, आजीआजोबा, सर्वांना माझा नमस्कार.

मी या पाळणाघर-केंद्रात फिजिओथेरपिस्ट आहे. तान्ह्या आणि रांगत्या मुलांचं बसणं, उभं राहणं, चालणं हे माझं काम. मला अहवाल लिहायची सवय आहे, भाषणाची नाही. म्हणून आधी घडलं ते क्रमाने सांगते.

१. या केंद्रात पालक मुलाला पुढच्या दाराने आणत आणि स्वतः मागच्या दाराने निघून जात.

२. एक मुलगा दीड वर्षाचा झाला तरी चालत नव्हता.

३. त्याच्या पायांत कोणताही दोष नव्हता.

४. बाईंनी मागचं दार पालकांसाठी बंद केलं.

५. मुलगा चालला.

खरं तर माझं भाषण इथे संपतं. पण सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि वेळ उरला तर कार्याध्यक्ष पुन्हा बोलतील असं कळलं, म्हणून थोडा तपशील सांगते.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंना वटवृक्ष म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं. मी त्या वेळी बाईंकडे पाहत होते. इतका वेळ एका जागी बसायची सवय या वटवृक्षाला नाही, हे स्पष्ट दिसत होतं. त्यांची जागा जमिनीवर, मुलांच्या घोळक्यात. तिथून त्या अख्खं केंद्र चालवायच्या.

मागच्या दाराची पद्धत बाईंचीच. आणि ती मायेपोटीच आली होती, हे आधी नोंदवते. रडणारं मूल मागे ठेवून गेलेल्या आईचं दिवसभर कामात लक्ष लागत नाही, आणि मूलही रडून दमतं. मग दोघांना कशाला त्रास? पुढच्या खोलीत ताई साबणाचे फुगे उडवायच्या. ताई म्हणजे तान्ह्यांची खोली सांभाळणाऱ्या आपल्या ताई, त्या तिथे दाराशी उभ्या आहेत, बसायला सांगूनही बसलेल्या नाहीत. मुलं फुग्यांकडे बघायची, आणि तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून मागच्या दाराने पसार. त्या दाराच्या कडीला नेमाने तेल घातलं जायचं, आवाज होऊ नये म्हणून. नव्या पालकांना बाई पहिल्याच दिवशी बजावायच्या, "वळून बघायचं नाही. मागचं आम्ही बघतो."

बाहेरून पाहुणे येत आणि म्हणत, किती शांत केंद्र आहे हो तुमचं! ते खरंही होतं. सकाळच्या वेळी इथे कुणी रडत नसे. ज्या केंद्रात कुणी रडत नाही तिथे काही बिघडलंय असं कोण म्हणेल?

आता तो मुलगा. ताईंनी त्याचं नाव ठेवलं होतं 'शेठ'. कारण तो भिंतीपाशी उशीला टेकून, गादीवर बसल्यासारखा बसायचा आणि बोट दाखवून हुकूम सोडायचा. चेंडू आणा, पाणी आणा. नोकरचाकर आम्ही होतोच. उभं केलं तर उभा राहायचा. दोन्ही हात धरले तर पावलं टाकायचा. पण एक हात सोडवायला गेलं की मटकन खाली.

त्याची आजी म्हणाली, आमच्या घराण्यात सगळे उशिराच चालले. ताई म्हणाल्या, लागेल चालायला, शेठ लोकांना घाई नसते. मी तपासलं. कंबर, गुडघे, घोटे, पाठ, सगळं नीट होतं. मग घोडं अडलं कुठे?

त्याची आई बस चालवते. तेव्हा ती उमेदवारीवर होती, नोकरी पक्की व्हायची होती, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. सकाळच्या पाळीला तिला दोनदा उशीर झाला होता. डेपोतल्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, तिसऱ्यांदा झाला तर नाव कमी. उशीर का व्हायचा? कारण मुलगा तिला सोडत नसे. पहाटे डोळा उघडल्यापासून तिच्या गळ्यात हात. ती मला म्हणाली होती, तोंड धुवायलासुद्धा मी त्याला कडेवर घेऊन जाते, मॅडम.

आणि इथे आल्यावर? इथे तर फुग्यांनी उलटंच केलं होतं. फुगे दिसले की बाकीची मुलं वर बघायची, शेठ आईकडे बघायचा. फुगे निघाले म्हणजे आई निघाली, हा हिशेब त्याने केव्हाच करून टाकला होता. तो दोन्ही मुठींत तिच्या गणवेशाची बाही धरायचा आणि ताई एकेक बोट सोडवायच्या.

मी केंद्राच्या बैठकीत माझं निदान मांडलं. म्हटलं, हात सुटला की माणूस नाहीसं होतं, एवढं हे मूल पक्कं शिकलंय. चालायचं म्हणजे हात सोडायला हवा. तो चालत नाही, कारण सोडण्यासारखा हात त्याला अजून मिळालेला नाही. ही अडचण पायांची नाही. मागच्या दाराची आहे.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "म्हणजे मुलांना रडवायचं का, डॉक्टरीणबाई?"

मी म्हटलं, "आईने सांगून जायचं. रडू आलं तर येऊ द्यायचं."

"तुझ्या मापपट्टीवर रडणं मोजता येतं का गं?" असं म्हणून बाईंनी विषय बदलला. पुढचे काही दिवस आमचं बोलणं कामापुरतंच होतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या कडीला आपण वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने तेल घातलं, ती चुकीची होती असं कालची आलेली मुलगी सांगते, तर कुणाला रुचेल?

पण बाई विषय बदलतात तेव्हा तो सोडत नाहीत. एका सकाळी शेठची आई नेहमीसारखी निसटली. तो रडला नाही. फुगे संपले तसा तो गादीवरून उतरला आणि रांगत निघाला. ताई त्याला उचलायला गेल्या, बाईंनी त्यांना खुणेनं थांबवलं आणि स्वतः मागोमाग गेल्या. मीही गेले. तो स्वयंपाकघर ओलांडून थेट मागच्या दाराशी गेला. दाराला हात टेकून उभा राहिला. मग कपाळ टेकलं. आवाज केला नाही.

बाई त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या. आणि तिथून, त्याच्या उंचीवरून, त्यांना ते दार दिसलं. खालच्या भागावर हातांचे ठसे होते. बरेच होते, एकावर एक, छोटे छोटे. एकट्या शेठचे नव्हते. ते ठसे ताई रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायच्या. सगळ्यांना वाटायचं, मुलं खेळता खेळता हात लावतात.

बाईंनी त्यांतल्या एका ठशावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यांना दार माहीत आहे गं. सगळ्यांना माहीत होतं. आपल्यालाच वाटत होतं, माहीत नाही."

मित्रहो, चूक दिसणं वेगळं आणि चूक दिसल्यावर दुसऱ्याच दिवशी उभ्या हयातीची पद्धत मोडणं वेगळं. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं माणूस म्हणू शकलं असतं की आता पुढच्या प्रमुखांनी काय ते बघावं. बाईंनी त्याच संध्याकाळी पालकांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, उद्यापासून आलात त्याच दाराने जायचं. मुलाच्या तोंडावर सांगून जायचं. सांगायचं वाक्य रोज तेच, आणि परत यायची वेळ मुलाला कळेल अशी. "आई जाते. झोप झाली की आई येते." पुढच्या दाराशेजारी खाली जमिनीपर्यंत काच आहे. बाहेर गेल्यावर काचेवर हात टेकायचा, मूल आतून टेकेल, आणि मग निघायचं. रेंगाळायचं नाही, परत फिरायचं नाही.

शेठच्या आईने विचारलं, "आणि मला उशीर झाला तर?"

बाई म्हणाल्या, "वाक्य एकच आहे. जास्त बोलशील तर उशीर होईल."

पहिला आठवडा कसा गेला हे इथल्या पालकांना सांगायला नको. एकाने सूर लावला की सगळे साथीला. शेजारच्या इमारतीतले लोक विचारून गेले, मुलांना इंजेक्शनं देताय का? ताई म्हणाल्या, बाई, हे पाळणाघर राहिलं नाही, दवाखाना झाला. एक उंचापुरे बाबा, ते आज दुसऱ्या रांगेत आहेत, मी त्यांच्याकडे बघणार नाही, त्यांची मुलगी काचेला हात लावून खेळायला निघूनही गेली, आणि हे बाहेर रुमाल शोधत उभे. काही पालकांनी कार्याध्यक्षांकडे तक्रार केली. कार्याध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण बाहेर येताना कार्याध्यक्षच मान डोलवत होते.

आणि हळूहळू रडणं बदललं. मी ऐकायला शिकले आहे म्हणून सांगते. पहिल्या दिवसांतलं रडणं शोधणारं होतं, नंतरचं भांडणारं होतं. भांडण माणूस समोरच्याशी करतं. म्हणजे समोर कुणीतरी आहे, याची खात्री असते.

शेठ रडला, पण बाही धरणं कमी झालं. घरी आई तोंड धुवायला एकटी जाऊ लागली. आणि मग ती सकाळ आली. आई त्याला खाली ठेवून म्हणाली, "आई जाते. झोप झाली की आई येते." ती बाहेर गेली, वाकली, काचेवर हात टेकला. ताई त्याला उचलून काचेपाशी न्यायला निघाल्या, पण त्या दिवशी दुसरं एक बाळ त्याच क्षणी दूध ओकलं आणि ताई तिकडे वळल्या. शेठ ताईंचा एप्रन धरून उभा होता, तो एप्रन हातातून निघून गेला.

आम्ही सगळ्या जिथे होतो तिथे थांबलो. आई बाहेर वाकलेली, हात काचेवर, नजर घड्याळाकडेही जात होती. शेठने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. उचलून न्यायला कुणी नव्हतं. मग तो निघाला. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, पोट पुढे, पावलं रुंद. मध्ये एकदा झुकला, मला वाटलं बसतो. बसला नाही. काचेपर्यंत गेला आणि आईच्या हातावर काचेतून फाडकन हात मारला.

आपल्या आईला निरोप द्यायला तो पहिल्यांदा चालला.

ताई हातातल्या ओल्या फडक्यासकट म्हणाल्या, "शेठ गादीवरून उठले." आईने बाहेरून त्याच्याकडे पाहिलं, ओठ चावला आणि ठरल्याप्रमाणे निघाली. परत फिरली नाही. त्या दिवशी तिची बस वेळेवर सुटली. त्यानंतर एकही पाळी चुकली नाही, आणि उमेदवारी संपून ती पक्की झाली. आज ती गणवेशातच आली आहे, कारण इथून तिला संध्याकाळच्या पाळीला जायचं आहे. तिच्याबरोबर बिननिमंत्रण आलेले चिरंजीव आता पळतात. गादी रिकामी आहे. या सभागृहातला मघाशी पडलेला फुलांचा स्टँड हा त्याच प्रगतीचा पुरावा आहे.

मागच्या दाराच्या कडीला तेव्हापासून तेल घातलेलं नाही. आता ते दार धुतलेले कपडे वाळत घालायला उघडतं, आणि उघडताना करकरतं. तो आवाज मला आवडतो. शहरातल्या तीन केंद्रांतल्या लोकांनी येऊन आपली काच पाहिली आणि तशी पद्धत सुरू केली. हे बाईंनी करून दाखवलं. मी फक्त पाय तपासले होते.

आता शेवटचा मुद्दा. तो मी टाळणार होते, पण टाळणं या केंद्राच्या नियमात बसत नाही.

हा समारंभ शनिवारी संध्याकाळी का ठेवला? मोठ्यांना सोयीचं म्हणून, असं निमंत्रणात आहे. खरं कारण मला ताईंकडून कळलं, या वेळी केंद्रात मुलं नसतात. बाईंनी त्यांना सांगितलं होतं, सोमवारपासून मी येणार नाही, मुलांना काही सांगू नका, दोन दिवसांत विसरतील. मी बाईंना जाऊन विचारलं, हे खरं का? त्या म्हणाल्या, "अगं, मला नाही जमणार त्यांच्यासमोर. रडू येईल मला."

बाई, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, येऊ द्यावं. सोमवारी सकाळी तान्ह्यांच्या खोलीतली मुलं तुम्हाला शोधतील. कुठे शोधतील, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. तुमच्यासाठी त्या दारावर पुन्हा ठसे उमटू नयेत.

माझं बोलणं कोरडं वाटलं असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, कुणाचं गुपित नको तितकं उघड झालं असेल, तर तो दोष माझ्या सवयीचा समजून पोटात घालावा. अध्यक्षांनी वेळ दिला, कार्यकर्त्यांनी खुर्च्या मांडल्या, ताईंनी उभं राहून ऐकलं, सर्वांची मी आभारी आहे.

आता विनंती. सोमवारची सकाळ बाईंसाठी काचेपाशी राखून ठेवली आहे. सगळी मुलं आत असतील. बाईंनी पुढच्या दाराने यावं, एक वाक्य सांगावं, बाहेरून काचेवर हात टेकावा आणि पुढच्याच दाराने जावं. पालकांनी आपलं मूल आणणार की नाही ते ताईंना कळवावं.

आणि बाई, तुम्ही येणार की नाही, ते मला उद्यापर्यंत कळवा.