हात लावू नका, आई हाय ती!

...आन् मला एक सांगा, हात लावू नका म्हटलं की माणसाचा हात पयला तिकडंच का जातो? व्हय? तापल्या तव्याला न्हाय लावत, विजेच्या तारंला न्हाय लावत, पर आमच्या गोमटेशच्या चित्राला... बोट पुढं! तुम्हास्नी सांगतो, त्या एका चित्रापायी त्या माणसानं जे सोसलं ना, बघूनच मला घाम फुटलाता!

गोमटेश म्हंजे आमचा शेजारी. निपाणीत बी-बियाणाचं दुकान. पन्नाशी उलटली, बीपी वाढलं, डॉक्टर म्हणाला, काय तरी छंद लावून घ्या. बेळगावला कॉलेजात शिकणाऱ्या लेकीनं, ब्राह्मीनं, पेस्टलची पेटी आणून दिली. पेस्टल म्हंजे खडूच की, पर मेणाचं न्हवं, पिठागत मऊ. कागदावर ओढायचं आन् बोटानं चोळायचं. झालं! माणूस दुकानात यायचा तो गुलाबी कान घिऊन. गिऱ्हाइकाला मिरचीचं बी द्यायचा, पुडीवर जांभळा अंगठा! बीपी उतरलं का? उतरलं की... वहिनींचं चढलं!

हितवर ठीक हो. पर दिवाळीत बेळगावजवळच्या सांबऱ्यासनं त्याच्या थोरल्या भैणीचा, रत्नाक्काचा फोन आला. आई गेली तवा गोमटेश एवढासा; आक्कानंच त्याला वाढवला. आईचा एकच फोटो व्हता, तो वलीनं पार खाल्ला. आन् आक्का म्हणाली, "गोमू, आईचं तोंड आता मला आठवंनासं झालंय रं. डोळं मिटलं तरी दिसत न्हाय." एवढंच. फोन ठेवला. गोमटेश त्या दिवशी जेवला न्हाय.

दुसऱ्या दिवशी खरखरीत कागद घिऊन बसला. पयली आई काढली, ती मामीसारखी झाली. दुसरी काढली, वहिनी वाकून बघत्यात, "अहो, ही तर मीच हाय!" तिसरी फाडली, चौथी फाडली... आन् एका दुपारी त्याची हाक आली. आम्ही धावलो. कागदावर एक बाई. कपाळाला कुंकू, डोईवर पदर, आन् नजर अशी, की आत्ता इचारंल, जेवलास काय रं? मी आपला पुढं झालो, नुसतं बोट केलं हो, दाखवाय... "हात लावू नका! आई हाय ती!"

कारण काय, पेस्टल कागदात मुरत न्हाय. नुसतं बसून ऱ्हातंय, फांदीवरच्या पाखरागत. शिंकलात, गेली आई! त्याच्यावर मारायचा फवारा मिळतो म्हणं, रंग धरून ठेवणारा. तो आणला, पयल्यांदा त्या मामीवर मारून बघितला. मामी काळपट! वहिनी म्हणाल्या, "रानातनं उन्हाच्या आल्यागत दिसत्यात." गोमटेशनं डबा ठेवून दिला. आईवर न्हाय मारायचा!

बरं, काच तरी बसवू म्हणून फ्रेमवाल्या भरमूकडं गेलो. भरमूनं चित्र बघितलं, मान हलवली, "काका, चांगलंय, पर लई धूळ बसलीया की. फुंकू काय?" फुंकू काय!! गोमटेश असा आडवा झाला दुकानात, "हात लावू नको! आई हाय ती!" तिथनं उचललं ते थेट घरी.

मग साडीचा मोठा खोका घेतला, चित्रावर बटर पेपर घातला, आन् दोघं बसलो बेळगावच्या यष्टीत. खोका मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. कंडक्टर आला, "एनरी अदु?" म्हंजे काय हाय ते, आन् टेकवतोय की हात झाकणावर! गोमटेश वरडला, "मुट्टब्याड्री!" म्हंजे तेच, हात लावू नका, कानडीत. "अहो पर हाय काय आत?" गोमटेश म्हणाला, "आई हाय."

तुम्हास्नी सांगतो, कंडक्टरचा हात असा मागं आला, डोक्यावरची टोपी निघाली! सगळ्या गाडीला दबक्या आवाजात सांगितलं, "ओ, गप बसा, त्यांची आई हाय खोक्यात." गाणं बंद. फोन बंद. पलीकडच्या बाईनं डोळ्याला पदर लावला, "लई दिवस आजारी व्हत्या काय?" आता काय सांगायचं? ड्रायव्हरनं तवंदी घाट असा हळू काढला, जशी वरातच. मी खिडकीकडं तोंड करून हसू दाबतोय, लोकांना वाटतंय रडतोय!

सांबऱ्याला पोचलो. आक्का दाराम्होरच्या सोप्यावर बसलेली. गोमटेशनं खोका उघडला, बटर पेपर हळूच उचलला... आक्का बघतीया. बघतीया. गोमटेशच्या कपाळाला घाम. आन् आक्काचा हात उठला. सरळ चित्राकडं! गोमटेशनं तोंड उघडलं, "हात ला..." पुढचं आलंच न्हाय. आक्कानं आख्खा पंजा ठेवला आईच्या गालावर!

"गाल एवढा बसलेला न्हवता रं," आक्का म्हणाली. "तू आजारातली आई काढलीस. तू तीच बघितलीस, लेकरा. त्याच्या आधीची मी सांगते." आन् अंगठ्यानं चोळाय लागली, हितं, हितं... गाल भरत गेला. आक्का थांबली. "आली बघ. आली आई!"

गोमटेश मटकन खाली बसला. "म्हंजे... मला आठवत व्हती व्हय गं, आक्का?" "नजर तर तीच काढलीस की रं!" एवढा बाप्या माणूस, हसतोय का रडतोय कळंना. इतक्या दिवसांचं वझं उतरलं. आन् आक्कानं त्या दिवशी सांजपातूर हात धुतला न्हाय.

सुटलो म्हटलं! चित्राला काच बसली, आई आक्काच्या भिंतीवर गेली, गोमटेश निवांत झोपाय लागला. पर आठवडाभरात फोन. "गोमू, आता आजोबा काढ." "आक्का, मी कुठं बघितलेत?" "मी सांगते की!" आन् रोज सांगतीया हो... मिशी अशी, फेटा असा, डाव्या भुवईत एक पांढरा केस! शेवटी वहिनींनी भीत भीत इचारलं, "वन्सं, आजोबा गेले तवा तुम्ही केवढ्या व्हतासा?"

"मी? मी कुठं जल्मले व्हते!"

...आता बोला. गोमटेश बसलाय आत. फेटा झालाय. मिशी चाललीया.